२०४८ : ठोकळे कोपऱ्यात कसे राखावेत

बुद्धिबळाची परंपरा जपणाऱ्या सांगलीत एसटीची वाट पाहणारी अनेक मुले मोबाइलवर २०४८ हा अंकांचे ठोकळे जुळवत २०४८ चा ठोकळा बनवण्याचा खेळ खेळताना दिसतात, परंतु बहुतेकांचा डाव ५१२ च्या ठोकळ्याच्या आसपास अडकतो. गॅब्रिएले चिरुल्ली यांनी २०१४ मध्ये तयार केलेल्या या खेळात सोळा घरांचा पट असतो. ठोकळे सरकवले की समान अंकांचे शेजारी एकत्र येऊन दुप्पट होतात आणि प्रत्येक चालीनंतर रिकाम्या घरात नवा ठोकळा येतो, जो बहुधा २ चा आणि क्वचित ४ चा असतो.

सर्वांत मोठा ठोकळा खालच्या डाव्या कोपऱ्यात ठेवावा आणि शक्यतो डावीकडे व खालीच सरकवावे. उजवीकडची चाल मात्र खालची ओळ पूर्ण भरलेली असून तिच्यात समान शेजारी नसतील तेव्हाच करावी, कारण तेव्हा ती ओळ जागची हलत नाही. वरची चाल शेवटचा उपाय आहे. ती करावीच लागली, तर लगेच खाली यावे.

खालच्या ओळीत ५१२, २५६, १२८, ६४ असा उतरता क्रम लावून, कृष्णा जशी वळण घेते तसा, वरच्या ओळीत उजवीकडून डावीकडे ३२, १६ असा तो पुढे न्यावा. एका चालीत एक ठोकळा एकदाच जुळतो, म्हणून २, २, ४ डावीकडे सरकवल्यास ४, ४ मिळतात, ८ नव्हे. हा नियम मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण चाल करण्यापूर्वी तिचा परिणाम मनात मांडण्याची सवय त्यातूनच लागते.