कपड्यांच्या दुकानात जीव गुदमरत असेल, तर खरेदी कशी करावी

कपड्यांची खरेदी हा अनेकांसाठी सणाइतकाच आनंदाचा भाग असतो. पण दुकानात पाऊल टाकताच जीव घाबराघुबरा होणारी माणसेही कमी नाहीत. ओळीने टांगलेले शेकडो शर्ट, डोळ्यांवर येणारा उजेड, मोठ्याने लावलेली गाणी, मागोमाग फिरून "काय दाखवू?" असे विचारणारा विक्रेता आणि बाकावर ताटकळलेली घरची मंडळी, हे सारे एकाच वेळी अंगावर येते आणि मग माणूस एकतर हाताला लागेल ते घेऊन सुटका करून घेतो, किंवा रिकाम्या हाताने परततो. अशा माणसाला हौसच नाही, असे म्हणून त्याचा विषय संपवला जातो, हे मला अन्यायाचे वाटते. माझ्या मते या त्रासाचे मोठे कारण हे आहे की कोणता कपडा, कोणत्या कापडाचा, किती मापाचा आणि किती किमतीचा हे सगळे प्रश्न आपण दुकानात उभे राहून सोडवू पाहतो. ते घरी सोडवून ठेवले, तर दुकानात फक्त पारख करणे उरते.

पर्याय पुष्कळ असले की निवड सोपी होते, हा समज फारसा खरा नाही. शीना अय्यंगार आणि मार्क लेपर या मानसशास्त्रज्ञांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात, कॅलिफोर्नियातील एका दुकानात गिऱ्हाइकांना चाखण्यासाठी कधी २४ प्रकारचे, तर कधी फक्त ६ प्रकारचे जॅम मांडले होते. सहा प्रकार पाहिलेल्यांपैकी सुमारे ३० टक्के लोकांनी जॅम विकत घेतला. चोवीस प्रकार पाहिलेल्यांपैकी जेमतेम ३ टक्के लोकांनी. पुढच्या सर्वच प्रयोगांत एवढा फरक दिसला नाही, हे खरे. तरीही ज्यांना आधीच गोंधळायला होते त्यांनी आपल्यासमोर येणारे पर्याय स्वतःच कमी करावेत, एवढे त्यातून निश्चित घेता येते.

त्यासाठी सुरुवात कपाटापासून करावी. धुऊन वाळले की लगेच पुन्हा अंगावर चढतात असे दोन-तीन कपडे बाजूला काढावेत आणि त्यांच्यात काय समान आहे ते पाहावे: कापड सुती आहे का, गळा कसा आहे, बाही केवढी आहे, खिसा कोठे आहे. मग पडून राहिलेले कपडे पाहावेत, कारण त्यांच्याकडून अधिक शिकायला मिळते. मानेला टोचणारे लेबल, काखेत काचणारी शिवण, घामाने अंगाला चिकटणारे पॉलिस्टर, कमरेला रुतणारे इलॅस्टिक, यांपैकी नेमके काय सहन होत नाही हे एकदा लिहून ठेवले की निम्मे दुकान आपोआप वगळले जाते. काहींच्या त्वचेला विशिष्ट स्पर्श खरोखरच सोसत नाहीत. त्यांनी घरच्यांच्या "सवय होईल" या आश्वासनावर विसंबून कपडा घेऊ नये.

आवडता शर्ट किंवा कुर्ता सपाट पसरून टेपने मोजावा. काखेखाली एका शिवणीपासून दुसऱ्या शिवणीपर्यंतचे अंतर दुप्पट केले की कपड्याचा घेर मिळतो. त्याखेरीज खांदा, बाही आणि उंची घ्यावी. शर्टावरचा ४० हा आकडा बहुधा छातीचे माप सांगतो आणि कपडा त्याहून काही इंच सैल असतो, हे ध्यानात ठेवावे. एस, एम, एल या अक्षरांवर तर भिस्त ठेवूच नये, कारण त्यांचा अर्थ कंपनीगणिक बदलतो. भारतीय शरीरांना साजेशी मापे ठरवण्यासाठी निफ्ट या केंद्र सरकारच्या संस्थेला २५,००० हून अधिक लोकांची मोजणी करण्याचा 'इंडियासाइज' प्रकल्प हाती घ्यावा लागला, यावरूनच प्रचलित आकड्यांची अवस्था कळते. एखादा एल बसला नाही, तर दोष शरीराचा मानू नये. शेवटी हे सारे एका ओळीत लिहावे: "सुती, पूर्ण बाहीचे दोन शर्ट, फिकट रंग, घेर ४४ इंच, प्रत्येकी १,२०० रुपयांपर्यंत." दुकानात ही ओळच आपल्या वतीने बोलते.

वेळ निवडणे आपल्या हातात असते. दिवाळीआधीचे पंधरा दिवस, पाडव्याचा आठवडा आणि लग्नसराईतले रविवार टाळावेत. आषाढीनंतर चातुर्मासात लग्ने थांबतात, तेव्हा कापडदुकानांत बऱ्यापैकी निवांतपणा असतो. पितृपक्षात अनेक घरांत नवे कपडे घेत नाहीत, त्यामुळे ज्यांना तसा संकोच नाही त्यांना त्या पंधरवड्यात दुकानदार सवडीने भेटतो. एरवीही कामाच्या दिवशी दुकान उघडताच गेलेले उत्तम. बरोबर एकच व्यक्ती न्यावी, आणि तीही मत विचारल्यावरच देणारी.

सर्वांत अवघड जाते ती भीड. साडीच्या दुकानात गादीवर बसलो आणि समोर पंधरा साड्या उलगडल्या गेल्या की आता एखादी तरी घेतलीच पाहिजे, असे ओझे मनावर येते. "बघायला पैसे पडत नाहीत" असे दुकानदार म्हणतो, पण उठताना पाय जड होतात. याला उपाय सुरुवातीलाच करावा. बसण्यापूर्वी स्पष्ट सांगावे, "दोन हजारांच्या आतल्या, सुती, बारीक काठाच्या पाचच साड्या दाखवा, त्यात मनाजोगती मिळाली नाही तर मी आज घेणार नाही." असे सांगितल्याने दुकानदाराचाही वेळ वाचतो आणि नकार आधीच उच्चारलेला असल्याने तो नंतर जड जात नाही. निघताना "जरा फिरून येते" अशी सबब सांगण्याचे कारण नाही. "आज घेत नाही, दाखवल्याबद्दल आभारी आहे" एवढे पुरते. माल दाखवणे हे त्याचे काम आहे आणि न आवडलेला माल न घेणे हा आपला हक्क आहे.

ट्रायल रूममध्ये तीनपेक्षा अधिक कपडे नेऊ नयेत. आरशात पाहण्याआधी हात वर करावेत, वाकून पाहावे, आणि पँट किंवा सलवार असेल तर मांडी घालून बसता येते का ते जरूर पाहावे. पूजेला किंवा पंगतीला ते लागतेच. श्वास कोंडल्यासारखा झाला, तर कपडे काउंटरवर ठेवून दहा मिनिटे बाहेर यावे. त्या अवस्थेत काहीही विकत घेऊ नये.

इतके करूनही दुकान नकोसेच वाटत असेल, तर शिंप्याकडे जावे. हा मार्ग आता विस्मरणात जात आहे, याचे मला मनापासून वाईट वाटते, कारण गर्दीचा त्रास होणाऱ्यांसाठी याहून सोयीची व्यवस्था नाही. मापाचा शर्ट किंवा मापाचा ब्लाउज एकदा देऊन ठेवला की पुढे फक्त कापड पोचवायचे असते. पूर्ण बाहीच्या शर्टाला ३६ इंच पन्ह्याचे, म्हणजे रुंदीचे, कापड साधारण सव्वादोन ते अडीच मीटर लागते आणि ५८ इंच पन्ह्याचे दीड ते पावणेदोन मीटर. आपल्या अंगलटीप्रमाणे नेमके किती, ते शिंप्याला विचारून मगच कापड घ्यावे. सुती कापड आटते, म्हणून शिवायला देण्यापूर्वी ते भिजवून वाळवावे. मुंबईच्या मंगलदास मार्केटमध्ये कापडाला तोटा नाही, पण तिथली दाटी सोसवत नसेल, तर शिंप्यालाच जवळचे लहान दुकान विचारावे. दिवाळीचे कपडे गणपतीच्या सुमारासच शिवायला टाकावेत. नंतर शिंपी नवे काम घेत नाहीत.

पैसे देण्यापूर्वी कपडा बदलून मिळेल का आणि किती दिवसांत, हे विचारून ते बिलावर लिहून घ्यावे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार सदोष माल बिलात नमूद केलेल्या मुदतीत, आणि तशी मुदत नसल्यास ३० दिवसांत, परत घेऊन पैसे देण्यास नकार देणे ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते. बिल न देणेही त्यातच येते. तक्रारीसाठी १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे. मात्र रंग आवडला नाही किंवा माप चुकले, तर बदलून देणे हे दुकानाच्या नियमावर अवलंबून असते. म्हणून घरी आल्यावर लेबल न काढता, त्याच संध्याकाळी, कपडा अर्धा तास अंगावर ठेवून पाहावा.