विज्ञान आणि सामाजिक शास्त्रे एकत्र शिकवताना या चुका टाळा

‘पाणी’ हा घटक निवडायचा, विज्ञानाच्या तासाला बाष्पीभवन शिकवायचे, भूगोलाच्या तासाला नद्यांचा नकाशा भरून घ्यायचा आणि शेवटी दोन्ही तक्ते एकाच भिंतीवर लावायचे, एवढ्यालाच अनेकदा एकात्मिक अध्यापन म्हटले जाते. प्रत्यक्षात तेथे फक्त शीर्षक एक झालेले असते. याची परीक्षा सोपी आहे. दोनपैकी एक तास पूर्णपणे वगळला तरी दुसऱ्या तासाला मुलांचे काहीच अडत नसेल, तर विषय जोडले गेलेले नाहीत.

यावर उपाय म्हणजे घटकाऐवजी प्रश्न निवडणे, आणि तोही एका विषयाच्या बळावर न सुटणारा. १८५४ साली लंडनमधील ब्रॉड स्ट्रीटच्या परिसरात कॉलऱ्याची साथ आली, तेव्हा डॉ. जॉन स्नो यांनी मृत्यूंच्या नोंदींवरून तेथील एका सार्वजनिक पंपाकडे बोट दाखवले. मात्र त्याच रस्त्यावरच्या बिअरच्या कारखान्यात सत्तरहून अधिक कामगार असूनही त्यांपैकी कोणीही कॉलऱ्याने दगावले नाही. ते का वाचले, हा प्रश्न वर्गापुढे ठेवावा. कामगारांना कामावर ठरावीक बिअर मिळत असे आणि कारखान्याची स्वतःची विहीर होती, ही माहिती त्या काळच्या श्रमजीवनातून येते. पंपाखालच्या, सांडपाणी झिरपलेल्या विहिरीचे पाणी माणसाला आजारी का पाडते, हे विज्ञान सांगते. दोन्ही हाताशी नसतील तर उत्तर अर्धवटच राहते.

याच उदाहरणात दुसरी, माझ्या मते सर्वांत घातक, चूक दडलेली आहे. ‘स्नो यांच्या सांगण्यावरून पंपाचा दांडा काढला आणि साथ थांबली,’ असे मुले सहज लिहून जातात, आणि शिक्षकही त्याखाली बरोबरची खूण करून मोकळे होतात. दांडा काढला गेला ८ सप्टेंबरला; मृत्यूंची संख्या मात्र महिन्याच्या पहिल्या दोन-तीन दिवसांतच शिगेला पोहोचून उतरणीला लागली होती, शिवाय घाबरलेले अनेक रहिवासी घरे सोडून निघूनही गेले होते. मुलांकडून दररोजच्या मृत्यूंचा आलेख काढून घ्यावा आणि त्यावर ८ तारखेला उभी रेघ मारायला सांगावी. ती रेघ उतारावर पडलेली दिसली की एका गोष्टीनंतर दुसरी घडली म्हणून पहिली तिचे कारण ठरत नाही, हा विज्ञानाचा धडा आणि एकट्या नायकाच्या गोष्टीकडे सावधपणे पाहावे, हा इतिहासाचा धडा, असे दोन्ही एकाच कागदावर उतरतात. मात्र येथेच थांबले तर स्नो चुकले होते, असा उलटा गैरसमज होतो. म्हणून त्यांचा अधिक भक्कम पुरावाही दाखवावा. लंडनच्या एकाच भागात दोन कंपन्या पाणी पुरवत होत्या. त्यांपैकी लॅम्बेथ कंपनीने १८५२ मध्ये आपले पाणी घेण्याचे ठिकाण थेम्स नदीच्या वरच्या, स्वच्छ अंगाला हलवले होते, तर दुसरी कंपनी शहराच्या घाणीने दूषित झालेलेच पाणी देत राहिली, आणि तिच्या ग्राहकांच्या घरांत मृत्यूचे प्रमाण कितीतरी अधिक होते.

तिसरी चूक वादविवादाच्या तासाला होते. जर्मन रसायनशास्त्रज्ञ फ्रिट्झ हाबर यांच्या अमोनिया निर्मितीच्या प्रक्रियेमुळे कृत्रिम खते मोठ्या प्रमाणावर तयार होऊ लागली. त्याच हाबर यांच्या देखरेखीखाली पहिल्या महायुद्धात जर्मन सैन्याने २२ एप्रिल १९१५ रोजी बेल्जियममधील ईप्रजवळ शत्रुसैन्यावर क्लोरीन हा विषारी वायू सोडला. यावर ‘शोध चांगला की वाईट’ असा विषय दिला की अमोनिया आणि क्लोरीन यांची सरमिसळ होते, आणि शेवटी हात वर करून निकाल लावला जातो. नत्रयुक्त खताने उत्पादन वाढते का, हे प्रयोगाने ठरते, मतदानाने नव्हे. शस्त्राची जबाबदारी शास्त्रज्ञावर किती, हे कोणताही प्रयोग सांगू शकत नाही, तेथे युक्तिवादच करावा लागतो. फळ्यावर मधोमध रेघ ओढून एका बाजूला ‘तपासता येईल’ आणि दुसऱ्या बाजूला ‘ठरवावे लागेल’ असे लिहावे, आणि मुलांचे प्रत्येक विधान कोणत्या बाजूला जाते हे त्यांनाच ठरवू द्यावे. काही विधाने रेघेवर अडकतील. चर्चा नेमकी तेथेच रंगते.

वेळापत्रकाची अडचण त्यामानाने किरकोळ आहे. सूक्ष्मजीवांचा पाठ झालेला नसताना कॉलऱ्याचा प्रश्न घेऊ नये, आणि त्यासाठी दोन्ही शिक्षकांनी पाठ टाचण लिहिण्यापूर्वी एकदा समोरासमोर बसावे, एवढे पुरते.

मूल्यमापनात मात्र गाडी पुन्हा रुळावरून घसरते, कारण तास एकत्र घेऊनही प्रश्नपत्रिका वेगवेगळ्या निघतात, किंवा प्रतिकृतीच्या रंगकामाला गुण दिले जातात. त्याऐवजी एकच प्रश्न द्यावा: ‘तुम्ही त्या परिसराच्या स्थानिक मंडळाचे सदस्य आहात आणि आज ७ सप्टेंबर १८५४ आहे. जंतूंविषयी कोणालाच खात्री नाही. दांडा काढण्याच्या बाजूने मत द्याल का, आणि कोणत्या पुराव्यावर?’ एकच उत्तरपत्रिका दोन्ही शिक्षकांनी आपापल्या निकषांवर तपासावी आणि जेथे गुणांत मोठी तफावत पडेल, ते उत्तर पुढच्या तासाला नाव झाकून वर्गात वाचून दाखवावे.