डिश-स्टर्लिंग संचाची दोन वर्षांची चाचणी, नाशिकच्या हवेत

डिश-स्टर्लिंग संच म्हणजे वाटीसारख्या आरशाने ऊन एका जागी गोळा करून त्या उष्णतेवर इंजिन आणि जनरेटर चालवणारा संच. त्याचा स्वच्छ उन्हात भर दुपारी घेतलेला आकडा जाहिरातीला बरा. संच टिकतोय की खचतोय, हे कळायला निदान दोन वर्षांची नोंद लागते, म्हणजे यंदाचा फेब्रुवारी गेल्या फेब्रुवारीशी ताडता येतो.

डिशला फक्त थेट ऊन चालतं. म्हणून सगळ्या आकाशाचा उजेड मोजणारा साधा पायरॅनोमीटर नको, सूर्यामागे फिरणाऱ्या ट्रॅकरवर फक्त थेट ऊन मोजणारा पायरहेलिओमीटर बसवा. त्याची काच रोज सकाळी पुसा. ती मळली की ऊन कमी दिसतं आणि डिश फुकटची हुशार ठरते. जनरेटरला एक वीजमीटर, पंखा-पंप-मोटरींना दुसरा. मिनिटामिनिटाची सरासरी साठवा.

८.५ मीटर व्यासाच्या डिशचं तोंड सुमारे ५७ चौरस मीटर. ऊन चौरस मीटरला ८०० वॅट असेल तर ४५.६ किलोवॅट आत जातात. निव्वळ ९ बाहेर आले तर कार्यक्षमता २० टक्क्यांच्या आसपास. वर्षाचा हिशोब मात्र युनिटांवर करा. कंट्रोल पॅनल नुसतं ३०० वॅट खात राहिलं तरी दिवसाला ७.२ युनिट जातात, आणि ढगाळ जुलै उणे निघू शकतो.

खरी मेख आरशात आहे. निफाड-दिंडोरीच्या द्राक्षपट्ट्यात छाटणीनंतर बोर्डो (मोरचूद-चुन्याचं मिश्रण) आणि गंधकाच्या फवारण्या चालतात, तुषार वाऱ्याने येतात. पहाटेच्या दवात धूळ भिजते, ऊन चढलं की प्रत्येक थेंबाच्या कडेला मातीचं कडं उरतं. बोअरच्या पाण्याने धुवाल तर वर क्षार बसतील. आरओचं पाणी घ्या, सूर्योदयाआधी धुवा. ठरलेल्या २० जागी धुण्याआधी आणि नंतर रिफ्लेक्टोमीटर लावा, म्हणजे आरसा किती ऊन परतवतो ते कळतं. धुतल्यावर भरून येते ती घट घाणीची, येत नाही ती चांदीच्या थराच्या झिजेची. दोन्हींचे रकाने वेगळे.

इंजिनात भरलेल्या, पिस्टन ढकलणाऱ्या हायड्रोजनचा दाब पहाटे, इंजिन पूर्ण गार असताना वाचा. ३० अंशांना १०० बार असलेला गॅस १५ अंशांना ९५ दाखवतो. निफाडच्या थंडीत ही गळती समजून सील बदलत बसू नका. आधी केल्विनमध्ये (सेल्सिअस अधिक २७३) तापमानाची दुरुस्ती करा. तसंच एप्रिलात उत्पादन घटलं तर पहिल्यांदा रेडिएटर बघा, कारण शीतक पाणी तापलं की इंजिन मंदावणारच.

ट्रॅकिंगला यूपीएस हवाच. सूर्य दोन मिनिटांत स्वतःच्या रुंदीएवढा सरकतो. वीज गेली आणि डिश थांबली, तर झोत रिसीव्हरच्या, म्हणजे ऊन झेलून इंजिनाला उष्णता देणाऱ्या भागाच्या, तोंडावरून घसरून कडेचं कवच जाळतो.

तुलनेसाठी उन्हाचे ५० वॅटचे टप्पे पाडा. गेल्या १० मिनिटांत ढग आला असेल तर ते आकडे गाळा, इंजिनाची उष्णता मागे रेंगाळते. बंद पडलेले तास गाळू नका. ऊन ३०० वॅटच्या वर असताना संच किती तास उभा होता, आणि का, हे कारणासकट त्याच दिवशी लिहा. आठवड्याने विचारलं तर ऑपरेटर ‘ट्रिप झालं होतं’ एवढंच सांगतो.