पिओ गामा पिंटोंवर सात मिनिटांचं भाषण कसं बांधाल

वक्तृत्व स्पर्धेत ‘आफ्रिकेतील एक राजकीय नेता’ असा विषय आला की निम्मी मुलं मंडेलांवर बोलतात. मंडेला मोठेच आहेत, पण त्यांच्यावरचं चौथं भाषण सुरू झालं की परीक्षक मान वर करत नाहीत. मी कुडाळकडे शाळेत शिकवते आणि स्पर्धेसाठी मुलांची भाषणं बसवून घेते. मी त्यांना केनियाचे पिओ गामा पिंटो सुचवते. केनिया स्वतंत्र झाल्यावरची पहिली राजकीय हत्या या माणसाची झाली, आणि त्याचं शालेय शिक्षण आमच्यापासून काही तासांवर, गोव्यात हडफड्याला झालं होतं. तरी आमच्या मुलांनी हे नाव ऐकलेलं नसतं, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

लिहायला बसण्याआधी वहीच्या वरच्या ओळीत एकच वाक्य लिहा: या माणसाने केलं काय? बहुतेक मुलं लिहितात, ‘पिंटो यांना गोळ्या घालून मारण्यात आलं.’ पण ते त्यांनी केलेलं नाही, त्यांच्या बाबतीत घडलेलं आहे. मग सगळं भाषण त्या गोळ्यांकडे धावत सुटतं आणि सदतीस वर्षांचं आयुष्य दोन वाक्यांत उरकतं. माझ्या मते वरची ओळ अशी हवी: ‘इंग्रजांच्या केनियात ज्यांना थोडंफार बरं स्थान होतं, अशा समाजात जन्मून पिंटो सर्वांत खालच्या माणसांच्या बाजूने उभे राहिले.’ लिहून झालेला प्रत्येक परिच्छेद या ओळीशी ताडून बघा. जुळत नसेल तर कितीही आवडलेला असो, काढा.

ही ओळ श्रोत्यांना कळायची तर त्या वेळचा केनिया आधी उभा करावा लागतो. गोरे वर, हिंदुस्थानातून गेलेले मध्ये आणि आफ्रिकी लोक तळाला, अशी उतरंड होती. शाळा, दवाखाने, राहायच्या वस्त्या, सगळं वेगळं. डोंगराळ भागातली उत्तम जमीन गोऱ्या शेतकऱ्यांसाठी राखीव. गोव्याहून गेलेले बरेच जण सरकारी कचेऱ्यांत कारकून होते, आणि पिंटोंचे वडीलही सरकारी नोकरीतच होते. हे सगळं अर्ध्या मिनिटात बसतं. मात्र ते गाळलं, तर पिंटोंनी काय सोडलं ते समजणारच नाही.

सुरुवात जन्मतारखेपासून करू नका. १९५४ सालापासून करा. जानेवारीत पिंटो आणि एमा यांचं लग्न झालं. जूनमध्ये पोलीस त्यांना घेऊन गेले. खटला नाही, शिक्षेची मुदत नाही. मांडा नावाच्या बेटावरच्या छावणीत रवानगी. ही चार वाक्यं सावकाश, हातवारे न करता म्हणा आणि मग विचारा, ‘एवढं काय केलं होतं या माणसाने?’ सभागृह तुमचं होतं, कारण उत्तर खरोखरच ऐकण्यासारखं आहे.

आता मागे जा, पण झरझर. ३१ मार्च १९२७ ला नैरोबीत जन्म. शिक्षणासाठी लहानपणीच हिंदुस्थानात. हडफड्याची शाळा, मग धारवाडचं कर्नाटक कॉलेज. पुढे मुंबईत टपाल-तार खात्यात नोकरी, तिथल्या संपात भाग. गोवा मुक्त करण्यासाठी मुंबईत चाललेल्या कामात उडी घेतली, पोर्तुगीज सरकारची नजर वळली आणि १९४९ मध्ये ते केनियाला परतले. पाऊण मिनिटाच्या वर इथे घालवू नका. हडफडं हे गाव ओळखीचं म्हणून आमच्याकडची मुलं नेमकी इथेच रेंगाळतात.

भाषणाचा गाभा पुढची दहा वर्षं. त्याला पुरी तीन मिनिटं द्या. ‘डेली क्रॉनिकल’ या वृत्तपत्राचं संपादन, कामगार संघटना, तिथल्या हिंदी लोकांच्या काँग्रेसचं ऑफिस, हे सगळं एकाच वेळी. ऑक्टोबर १९५२ मध्ये इंग्रजांनी आणीबाणी पुकारली आणि स्वातंत्र्यलढ्याचे नेते जोमो केनियाटांना पकडलं. पकडलेल्यांना वकील मिळवून देणं, त्यांच्या बायकामुलांसाठी पैसे जमवणं आणि इंग्रजांविरुद्ध जंगलात लढणाऱ्या माऊ माऊ योद्ध्यांपर्यंत शस्त्रं पोचवण्यात हातभार लावणं, ही कामं पिंटो करत होते. यातलं शेवटचं काम मुलं गाळतात, कधी पालकही गाळायला सांगतात. गाळू नका. माऊ माऊंची लढाई सशस्त्र होती, तिच्यात माणसं मेली, आणि इंग्रजांनी त्या काळात हजाराहून जास्त लोकांना फाशी दिली. दोन्ही गोष्टी जशा आहेत तशा सांगा. पिंटोंना गोड करून सांगितलं, तर त्यांनी पत्करलेला धोकाही पुसला जातो.

छावणीबद्दल बोलताना नकाशा वापरायला परवानगी असेल तर वापरा. केनियाची बाह्यरेषा आणि तीन ठिपके पुरेत: आत नैरोबी, आग्नेयेला किनाऱ्यावर लामूजवळ मांडा, आणि वायव्येकडच्या डोंगराळ भागात काबार्नेट. मांडाहून सुटका झाली, तरी घरी जाता आलं नाही. काबार्नेटमध्ये स्थानबद्ध केलं आणि १९५९ मध्ये सोडलं. बोट नैरोबीवरून मांडावर, तिथून काबार्नेटवर आणि परत नैरोबीवर न्या. पाच वर्षं गेली, हे त्यात आपोआप येतं. एमांनी या काळात संसार सांभाळला, त्यांचं नाव इथे पुन्हा यायलाच हवं.

स्वातंत्र्यानंतरचा भाग अवघड आहे, कारण शत्रू आता गोरा राहत नाही. पिंटोंनी केनियाटांच्या कानू पक्षासाठी वृत्तपत्रं चालवली, मोझांबिकमध्ये पोर्तुगिजांशी लढणाऱ्यांना मदत केली. १२ डिसेंबर १९६३ ला देश स्वतंत्र झाला. जुलै १९६४ मध्ये पिंटो संसदेत आले. वाद पेटला जमिनीवरून. गोऱ्यांच्या जमिनी ब्रिटनकडून घेतलेल्या कर्जातून विकत घेतल्या जात होत्या, ती फेड भूमिहीनांच्या माथी येत होती आणि मोठमोठे मळे नव्या सत्ताधाऱ्यांच्या हाती चालले होते. कानूतलेच नेते ओगिंगा ओडिंगा आणि बिल्डाड काग्गिया, तसेच पिंटो याच्या विरोधात होते. कोकणातल्या श्रोत्यांपुढे बोलत असाल तर ‘कसेल त्याची जमीन’ एवढं म्हणा. कूळकायदा घरोघरी माहीत आहे, माना लगेच हलतात.

हत्येला अर्धं मिनिट. २४ फेब्रुवारी १९६५ ची सकाळ, नैरोबीतल्या वेस्टलँड्स भागातलं घर, फाटकापाशी गाडी, मागे बसलेली लहान मुलगी, गोळ्या. आवाज चढवू नका, रडवायला जाऊ नका. वेळ उरला तर एवढं जोडा की तीनच दिवस आधी न्यूयॉर्कमध्ये अमेरिकेतल्या काळ्या लोकांचे नेते माल्कम एक्स यांना मारलं होतं आणि हे दोघे एकमेकांना ओळखत होते.

‘आपल्या मातीतला सुपुत्र’ हा शब्दप्रयोग मी प्रत्येक वहीत लाल शाईने खोडते. पिंटो केनियात जन्मले, केनियासाठी तुरुंगात गेले, नैरोबीतच पुरले गेले. २००८ मध्ये केनियाने त्यांचं टपाल तिकीट काढलं ते आपला वीर म्हणून. गोव्याचं नातं सांगा, अभिमानाने सांगा, पण मालकी सांगू नका.

भाषणानंतर परीक्षक हमखास विचारतात, ‘मग मारलं कोणी?’ उत्तर आधीच तयार ठेवा. किसिलू मुतुआ नावाच्या तरुणाला फाशीची शिक्षा झाली, पुढे ती जन्मठेपेत बदलली. २००१ मध्ये तो सुटला आणि आपण निर्दोष आहोत असंच सांगत राहिला. कट रचणारे कोण, हे कोणत्याही कोर्टात सिद्ध झालेलं नाही. संशय बड्या लोकांवर घेतला गेला, हे म्हणायला हरकत नाही, पण संशयाला निकाल म्हणू नका आणि व्यासपीठावरून कोणाचं नाव घेऊ नका. परीक्षकांनी दुसऱ्यांदा विचारलं तरी उत्तर हेच द्या.