गेलेल्या माणसाचा कॉम्प्युटर उघडायच्या आधी काय काय हाताशी हवं

काकांचा तेरावा झाला, पाहुणे पांगले आणि काकू मला आतल्या खोलीत नेऊन म्हणाली, यांचा कॉम्प्युटर उघडून देशील का गं, पासवर्ड मला माहीत नाही. आत होता सहा वर्षं खपून टाइप केलेला आमचा कुलवृत्तांत, आणि त्याची एक प्रिंटसुद्धा घरात नव्हती. त्या पंधरा दिवसांत जे शिकले ते इथे लिहितेय, कारण ही वेळ कुणावरही येते आणि घाईत एक चूक झाली की पुढचं सगळं बंद होतं.

अंदाजाने पासवर्ड टाकत बसू नका. भाचा येतो दोनदा बघतो, जावई येतात चारदा बघतात, आणि मशीन लॉक होऊन बसतं. बंद असेल तर बंदच राहू दे. पण चालू असेल आणि स्क्रीन उघडी असेल तर अजिबात बंद करू नका, तिथल्या तिथे महत्त्वाचं सगळं कॉपी करून घ्या.

मशीन कुणाचं तेही बघा. हिंजवडीतल्या कंपनीचा लॅपटॉप असेल तर तो कंपनीचा, एचआरला मेल टाका आणि घरचे फोटो काढून द्यायची विनंती करा. घरचा असेल तर सगळ्या वारसांना विचारा, अगदी परदेशातल्या मुलालाही, आणि फॅमिली ग्रुपवर का होईना पण लेखी हो घ्या. परवानगीशिवाय दुसऱ्याचा कॉम्प्युटर उघडणं आयटी ॲक्ट २००० च्या कलम ४३ मध्ये बसतं, आणि भावाभावांत आधीच कुरबुर असेल तर हेच पुढे उकरून काढतात.

कागद म्हणाल तर मृत्यूचा दाखला. नोंद २१ दिवसांत व्हायला लागते, हॉस्पिटलमध्ये गेले असतील तर ती हॉस्पिटलकडूनच जाते, दाखला महापालिका देते, पाच-सहा प्रती एकदमच घ्या. वारस दाखला कोर्टातून काढतात, आपल्याकडे महाराष्ट्रात अजून १८२७ च्या बॉम्बे रेग्युलेशनखाली, त्याला वेळ लागतो. नुसत्या कॉम्प्युटरसाठी त्याच्या मागे लागू नका, पण बाकी कामांसाठी काढताय तर जपून ठेवा.

आता सगळ्यात महत्त्वाचं, त्यांचं सिम. लोक पहिल्या आठवड्यातच नंबर बंद करतात आणि मग डोक्याला हात लावतात, कारण प्रत्येक अकाउंटचा ओटीपी त्याच नंबरवर येतो. रिचार्ज चालू ठेवा, फोन चार्ज ठेवा, नंतर रीतसर वारसाच्या नावावर करून घ्या.

मग घर शोधा. दोन संध्याकाळी लावा पण नीट शोधा, कालनिर्णयची मागची पानं, फोन नंबरची जुनी वही, एलआयसीची फाइल, राउटरचा डबा, कीबोर्डची खालची बाजू. नुसता पासवर्डच नाही, ईमेल आयडी कुठला वापरायचे ते आणि ४८ आकडी रिकव्हरी की, म्हणजे कुलूपबंद डिस्क उघडायचा नंबर, लिहिलेला कागदही शोधा. विंडोज ११ च्या नवीन लॅपटॉपची डिस्क बऱ्याचदा बिटलॉकर या विंडोजच्याच सोयीने आपोआप एनक्रिप्ट, म्हणजे कुलूपबंद, झालेली असते, ती काढून दुसरीकडे लावली तरी हीच की मागते, आणि ही रिकव्हरी की बहुतेक वेळा त्यांच्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये सेव्ह असते. म्हणून तो ईमेल आणि ते सिम.

मॅकचं वेगळंच. अलीकडच्या मॅकमध्ये डिस्क काढून वाचताच येत नाही. जिवंतपणी त्यांनी लेगसी कॉन्टॅक्ट, म्हणजे आपल्यामागे डेटा ज्याला मिळावा तो माणूस, नेमला असेल, ही सोय २०२१ च्या डिसेंबरात आली, तर ॲक्सेस की आणि मृत्यूचा दाखला देऊन ॲपल अकाउंटमधला डेटा मिळतो, पण मॅकचा पासवर्ड मिळत नाही. गूगलही पासवर्ड कधीच देत नाही, अर्ज केल्यावर काही केसेसमध्ये डेटा देतं. आणि दोन वर्षं वापर नसलेलं अकाउंट ते डिलीट करू शकतं, त्यामुळे "बघू नंतर" म्हणू नका.

काकांचं मशीन जुना डेस्कटॉप, विंडोज ७ वरनं १० वर नेलेला, एनक्रिप्शन नाही. अशा वेळी पासवर्डच्या नादी लागायचंच नाही, डिस्क काढायची आणि दुसऱ्या मशीनला यूएसबीने लावायची. पुण्यात तापकीर गल्लीतनं अडॅप्टर आणला तो पहिल्यांदा चुकीचा आला, कारण डेस्कटॉपच्या मोठ्या साडेतीन इंची डिस्कला वेगळी पॉवर लागते, लॅपटॉपची लहान डिस्क यूएसबीवरच चालते, आणि एसएसडी (फिरते भाग नसलेली डिस्क) असेल तर तिची जोडणी सॅटा की एनव्हीएमई ते आधी बघून मगच दुकानात जा. सोबत मूळ डिस्कपेक्षा मोठी रिकामी एक्स्टर्नल डिस्क. मूळ डिस्क टकटक आवाज करत असेल तर लगेच थांबा आणि डेटा रिकव्हरीवाल्याकडे द्या.

पेनड्राइव्हवरनं पासवर्ड पुसून टाकणारी टूल्स मिळतात, दुकानातही तेच वापरतात. कॉपी झाल्याशिवाय ते करू देऊ नका. लोकल अकाउंटचा (मायक्रोसॉफ्टच्या अकाउंटशी न जोडलेल्या) पासवर्ड असा बाहेरून बदलला की ब्राउझरमध्ये सेव्ह केलेले पासवर्ड उघडत नाहीत, कारण त्यांची किल्ली जुन्या पासवर्डला बांधलेली असते. आमच्या सोसायटीतल्या एका आजींचा लॅपटॉप तर दुकानदाराने सरळ फॉरमॅट करून "झाला मोकळा" म्हणून परत दिला, आजोबांचे सगळे फोटो गेले, मला अजून वाईट वाटतं त्याचं. देणारच असाल तर पावतीवर "फॉरमॅट करायचं नाही" लिहून घ्या आणि डिस्कच्या सीरियल नंबरचा फोटो काढा.

कॉपी करताना डॉक्युमेंट्स, डेस्कटॉप, पिक्चर्स तर घ्याच, डी ड्राइव्ह विसरू नका, आउटलुकच्या पीएसटी फाइल्स (त्यांत मेल असतात) घ्या, आणि विंडोजमधलं फॉन्ट्स फोल्डर घ्या. हे शेवटचं आम्ही आधी सोडलं होतं. कुलवृत्तांत उघडला तर पानभर इंग्रजी अक्षरांची खिचडी, काकूचा चेहरा पडला. काकांनी सगळं श्रीलिपी या जुन्या मराठी फॉन्टात टाइप केलेलं, ते युनिकोड, म्हणजे आता सगळीकडे आपोआप दिसतं तसलं मराठी, नाही, फॉन्ट नसेल तर मराठी दिसतच नाही. त्यांच्याच डिस्कवरचे फॉन्ट आणून टाकले आणि पहिल्या पानावर मूळपुरुषाचं नाव दिसलं. काकूने बोटाने एकेक ओळ वाचली.

पैशांच्या बाबतीत हात आवरा. नेटबँकिंगचा पासवर्ड सापडला तरी त्यातून पैसे काढू नका, यूपीआयही नाही, बँकेला कळवून नॉमिनी किंवा वारस म्हणून क्लेम करा. इन्कम टॅक्सच्या पोर्टलवर वारस म्हणून वेगळं रजिस्टर करून त्यांचं रिटर्न भरता येतं. त्यांची डिजिटल सही तर वापरायचीच नाही.

आणि मूळ डिस्क पुसू नका, डबा भंगारात देऊ नका, निदान सगळे क्लेम आणि रिटर्न मिटेपर्यंत तरी. काकांची डिस्क नाव आणि तारीख लिहून काकूच्या गोदरेजच्या कपाटात आहे, एक कॉपी माझ्याकडे आणि एक बंगळुरूला तिच्या मुलाकडे.