गावाच्या पाण्याचा हिशोब ऑक्टोबरमध्येच मांडा, तो असा

नाशिकचं पाणी म्हटलं की सगळे गंगापूर धरण किती टक्के भरलं तेवढंच बघतात. पण इगतपुरीकडे 3 हजार मिमीच्या आसपास पाऊस आणि येवला-नांदगावला जेमतेम 500-600, मग जिल्ह्याला एकच प्लॅन कसा चालेल, म्हणून सुरुवात आपल्या गावापासून करा आणि ती पण ऑक्टोबरमध्ये, कांद्याचं रोप टाकायच्या आधी.

हिशोब सोपाय. 1 हेक्टरवर 1 मिमी पाऊस म्हणजे 10 हजार लिटर. समजा गाव 1000 हेक्टरचं आणि पाऊस 500 मिमी, तर पडलं 500 कोटी लिटर. आकडा मोठा वाटतो, पण आपल्याकडे खाली बेसाल्ट, म्हणजे पाणी फार न मुरणारा काळा कातळ, दहा टक्के मुरलं धरलं तरी विहिरींना 50 कोटीच. त्यातनं पिण्याचं आधी बाजूला काढा, 2000 माणसं, माणशी रोज 55 लिटर, वर्षाचे झाले 4 कोटी, वर गुरांचं. राहिले 45 कोटी. उन्हाळ कांद्याला हेक्टरी 50-60 लाख लिटर धरा, म्हणजे 75 ते 90 हेक्टर, बस! आता तलाठ्याकडनं पीकपेरा, म्हणजे कुणी किती क्षेत्रात काय लावलं त्याची नोंद, काढा आणि गावात खरंच किती कांदा लागतो ते बघा, जास्तीचं क्षेत्र हरभऱ्याला किंवा ज्वारीला वळवायचं ते ग्रामसभेत तेव्हाच ठरवा, मार्चमध्ये टँकर मागताना नाही.

ठिबक कराच, पण वाचलेलं पाणी लगेच नव्या क्षेत्राला दिलं तर विहिरीला काय मिळालं? आणि बोअर उपसून शेततळं भरू नका राव, जमिनीत सेफ असलेलं पाणी वर आणून उन्हाच्या हवाली करतो आपण, शेततळं पावसाच्या पाण्यानेच भरा.

कालव्यावरच्या गावांनी दिंडोरीतलं वाघाड धरण बघून यावं. टेलला, म्हणजे कालव्याच्या शेवटाला, पाणी पोचतच नव्हतं, तिथल्याच शेतकऱ्यांनी 90 च्या दशकात पाणी वापर संस्था काढल्या आणि घनमीटरवर मोजून पाणी घ्यायला लागले. फक्त धरणातलं सगळंच आपलं धरू नका, 2005 च्या कायद्याने समन्यायी वाटप आलंय, म्हणजे वरच्या आणि खालच्या धरणांत पाणी न्यायाने वाटायचं, त्यामुळे खालच्या जायकवाडीत ऑक्टोबरला साठा कमी असला तर खाली सोडावं लागतं.

दोन-चार विहिरी ठरवून टेप सोडून पातळी मोजा, ऑक्टोबर, जानेवारी, मार्च, मे, आणि आकडे ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लिहा. जानेवारीत पातळी अंदाजापेक्षा खाली गेली असेल तर पुढची लागवड तिथंच थांबवा.