लॉक फाइल उडवू नका: डिपेंडन्सी आणि बिल्डमधल्या या चुका टाळा

बिल्ड (कोडपासून चालणारं ॲप तयार करणं) फुटलं की टीममध्ये एक सल्ला ठरलेला असतो: ‘नोड मॉड्यूल्स उडव, लॉक फाइल उडव, परत इन्स्टॉल मार.’ पुष्कळदा बिल्ड चालूही होतं, म्हणून हा सल्ला टिकून आहे. नोड मॉड्यूल्स, म्हणजे जावास्क्रिप्ट प्रोजेक्टमधलं उतरवलेल्या पॅकेजेसचं फोल्डर, उडवायला हरकत नाही, ते परत बनतं. पण लॉक फाइल, म्हणजे प्रत्येक डिपेंडन्सीचं (प्रोजेक्टला लागणाऱ्या पॅकेजचं) नेमकं व्हर्जन नोंदवणारी फाइल, गेली की तुम्ही लिहिलेली वीस पॅकेजेस आणि त्यांनी ओढून आणलेली शेकडो पॅकेजेस एका फटक्यात नव्या व्हर्जनवर जाऊ शकतात. मूळ बिघाड कशाचा होता ते कळत नाही, आणि पुढे काही मोडलं तर त्यातला नेमका कुठला बदल नडला हे हुडकत बसावं लागतं.

जानेवारी २०२२ मध्ये एनपीएम या जावास्क्रिप्टच्या पॅकेज मॅनेजरवरच्या ‘कलर्स’ पॅकेजच्या लेखकानेच १.४.१ व्हर्जनमध्ये मुद्दाम न संपणारा लूप टाकला. टर्मिनलवर ‘लिबर्टी’ हा शब्द आणि निरर्थक अक्षरं धो धो छापली जाऊ लागली. ॲमेझॉनचं क्लाउड डेव्हलपमेंट किट वापरणारेही त्यात अडकले. पॅकेज डॉट जेसनमध्ये, म्हणजे तुम्ही लिहिलेल्या पॅकेजेसच्या यादीत, ^१.४.० लिहिलं म्हणजे १.४.० पासून २.०.० च्या अलीकडचं काहीही चालेल असा अर्थ होतो. टिल्डा लावून सुटका नव्हती, कारण ~१.४.० मध्येही १.४.१ बसतं. ज्यांच्या ॲपच्या गिटमध्ये १.४.० वर गोठवलेली लॉक फाइल होती आणि जे तिच्यावरूनच इन्स्टॉल करत होते, त्यांच्यापर्यंत हे व्हर्जन पोचलंच नाही. ‘ॲपच्या’ हे महत्त्वाचं. लायब्ररीच्या लेखकाने स्वतःच्या रेपोत ठेवलेली लॉक फाइल सहसा तुमच्याकडे लागू होत नाही.

म्हणून लॉक फाइल कमिट करा आणि सीआयवर (कोड आपोआप बिल्ड करून तपासणाऱ्या सर्व्हरवर) ‘एनपीएम इन्स्टॉल’ नव्हे, ‘एनपीएम सीआय’ चालवा. पॅकेज डॉट जेसन आणि लॉक जुळत नसतील तर ‘सीआय’ तिथेच थांबतं. ‘इन्स्टॉल’ लॉक फाइल बदलून पुढे जातं. रस्टच्या कार्गोमध्ये हेच काम ‘लॉक्ड’ फ्लॅग करतो, जावास्क्रिप्टच्याच नव्या यार्नमध्ये ‘इम्युटेबल’. अपग्रेड करायचं तर एका वेळी एकच पॅकेज, वेगळ्या कमिटमध्ये, लॉक फाइलचा डिफ (काय बदललं ते) वाचून. कंटाळवाणं आहे, पण वाचलेल्या डिफला पर्याय नाही. मर्ज करताना लॉक फाइलमध्ये कॉन्फ्लिक्ट आला तर हाताने जुळवाजुळव करू नका. मेन ब्रँचची फाइल जशीच्या तशी घ्या आणि एकदा इन्स्टॉल चालवा.

जावावाल्यांची चूक वेगळी. कंपाइल सुरळीत होतं आणि प्रॉडक्शनवर ‘नो सच मेथड एरर’ येतो. मावेन हे जावाचं बिल्ड टूल सगळ्यात नवं व्हर्जन घेतं असं अनेकांनी गृहीत धरलेलं असतं. तसं नाही, ते डिपेंडन्सींच्या साखळीत तुमच्या प्रोजेक्टला सगळ्यात जवळचं घेतं. समजा एका लायब्ररीला ‘क’ जारचं (जावाच्या पॅकेज फाइलचं) २.० हवंय, पण ती वाट तीन पायऱ्यांची आहे; दुसरीला १.० हवंय आणि ती वाट दोनच पायऱ्यांची. १.० जिंकतं. पहिली लायब्ररी २.० समोर धरून आधीच कंपाइल झालेली असते, म्हणून तुमच्या कंपाइलरला काही दिसत नाही. मेथड नाही हे रनटाइमलाच कळतं. अंतर सारखं असेल तर पॉम फाइलमध्ये (मावेनच्या यादीत) आधी लिहिलेली डिपेंडन्सी जिंकते. म्हणजे दोन नोंदींची नुसती अदलाबदल केली तरी जार बदलू शकतो. ग्रेडल हे दुसरं बिल्ड टूल मात्र साधारणपणे वरचं व्हर्जन निवडतं, त्यामुळे मावेनची यादी तिकडे जशीच्या तशी नेली तरी जार तेच येतील असं नाही.

मावेनची ‘डिपेंडन्सी ट्री’ कमांड व्हर्बोज लावून चालवा आणि ‘ओमिटेड फॉर कॉन्फ्लिक्ट’ असलेल्या ओळी वाचा. हवं ते व्हर्जन पॉमच्या ‘डिपेंडन्सी मॅनेजमेंट’मध्ये एकाच जागी ठरवा. जागोजागी एक्सक्लूजन (डिपेंडन्सी वगळण्याच्या नोंदी) पेरत गेलात तर सहा महिन्यांनी ते कशासाठी होतं हे कुणालाच सांगता येणार नाही.

पायथनमध्ये ‘सुडो पिप’ नको, म्हणजे पॅकेजेस ॲडमिनच्या हक्काने थेट सिस्टिममध्ये टाकू नका. डेबियन १२ पासून सिस्टिमचं पिप स्वतःच नकार देतं. त्यावर ‘ब्रेक सिस्टिम पॅकेजेस’ फ्लॅग चिकटवणारे घाईत असतात. व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट (प्रोजेक्टपुरती वेगळी पायथनची जागा) करायला एक ओळ लागते. आकड्यांकडेही नीट बघा: ~=१.४ म्हणजे २.० च्या अलीकडे, ~=१.४.० म्हणजे १.५ च्या अलीकडे.

गोमध्ये ‘गो डॉट सम’ ही लॉक फाइल नाही, त्यात हॅश (कोड बदलला का ते ओळखणारे चेकसम) असतात. व्हर्जन ‘गो डॉट मॉड’वरून ठरतं. चेकसम जुळेना झाला तर फाइल पुसू नका, आधी त्या व्हर्जनचा टॅग कुणी दुसऱ्या कमिटवर हलवला का ते बघा.

मॅकवरचं नोड मॉड्यूल्स डॉकर इमेजमध्ये (ॲप आणि त्याला लागणारं लिनक्स यांच्या गठ्ठ्यात) कॉपी झालं की नेटिव्ह पॅकेजेस (ठरावीक सिस्टिमसाठी कंपाइल झालेली) ‘इनव्हॅलिड ईएलएफ हेडर’ म्हणत पडतात. ते फोल्डर ‘डॉकर इग्नोर’मध्ये टाका. आणि इमेज लहान व्हावी म्हणून पायथनसाठी अल्पाइन हे छोटं लिनक्स घेऊ नका. त्यात ग्लिबसी या नेहमीच्या सी लायब्ररीऐवजी मसल असतं, त्यामुळे लिनक्ससाठीची नेहमीची तयार व्हील्स (आधीच कंपाइल केलेली पॅकेजेस) चालत नाहीत, आणि मसलसाठी वेगळी व्हील्स सगळी पॅकेजेस देत नाहीत. मग पिप सोर्समधून कंपाइल करायला बसतं, जीसीसी कंपाइलर आणि हेडर फाइल्स मागतं, आणि वाचवलेली जागा तिथेच खर्ची पडते. डेबियनची ‘स्लिम’ इमेज घ्या.